आत्याच्या हातातला अँटेना

आमच्या घरात आलेल्या माणसाला "काय काम काढलंत?" असं विचारत नाहीत. आधी पाणी, मग गूळ, मग चहा, मग घरात असेल ते खायला. घास तोंडात गेला की तो माणूस आपणहून सांगतो कशाला आलाय ते. इंदूआत्या म्हणते, उंबऱ्यात काम विचारलं की घराची कचेरी होते. मला ही पद्धत लहानपणापासून फार आवडायची. परवाच्या रविवारी या पद्धतीपायी माझं सगळं मुसळ केरात जाता जाता राहिलं, तेव्हापासून मी तिच्याकडे जरा जपूनच बघते.

मी दीपश्री. धारवाडला विद्यापीठात फिजिक्स, एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. घर जुन्या हुबळीत, अप्पांचं कापडाचं दुकान दुर्गदबैलच्या बाजारात. रोज चिगरी बसनं धारवाड गाठायचं आणि संध्याकाळी परत. डोकं माझं लवकर तापतं. आई म्हणते हे आत्याकडून आलंय, आत्या म्हणते आईच्या माहेरून.

तर गोष्ट अशी. बेंगळुरूला एक कंपनी आहे, ती बुटांच्या खोक्याएवढे उपग्रह बनवते. तिथे सहा महिन्यांची इंटर्नशिप, आणि राहण्या-जेवण्यासाठी धारवाडच्या एका विज्ञान न्यासाची शिष्यवृत्ती. अवकाशाच्या क्षेत्रात जाऊ बघणाऱ्या मुलामुलींसाठी, तीही फक्त शेवटच्या वर्षाला असणाऱ्यांसाठी. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. मी अर्ज केला, ऑनलाइन मुलाखत झाली. त्यांनी विचारलं, आजवर स्वतःच्या हातानं काय केलंय? मग काय, मी सुटलेच.

अप्पांच्या दुकानातला कापड मोजायचा जुना लोखंडी गज मी मधोमध कापला होता. ते दोन तुकडे एका लाकडी दांड्याला व्ही आकारात बसवले, त्यातून एक वायर छोट्या रिसीव्हरमार्फत लॅपटॉपला जोडली, झाला अँटेना. डोक्यावरून हवामानाचे उपग्रह जातात ना, ते जाता जाता खालच्या जमिनीचा फोटो पाठवत असतात. कुणीही पकडावा, फुकट आहे, फक्त पकडणारा हवा. माझ्या गच्चीवर पहिला फोटो आला तेव्हा मी एकटीच नाचत सुटले, आणि शेजारच्या गोदूबाईंनी आईला हाक मारून विचारलं, पोरीला काही चावलं का म्हणून. गज कापल्यावर आत्या मात्र आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती. ज्याच्यावर घर चाललं त्याचे तुकडे केलेस म्हणाली.

मुलाखतीत पास झाले. उरली एकच पायरी, आणि ती फार निसरडी होती. न्यासाची माणसं घरी येणार, तीही न कळवता. झालं होतं असं की गेल्या वर्षी निवडलेल्या दोन मुलींना घरच्यांनी मध्येच परत बोलावून घेतलं. एकीचं लग्न ठरलं, दुसरीच्या आजोबांना करमेना. म्हणून आता न्यास आधी घर बघतो, आणि घरातल्या मोठ्या माणसाच्या तोंडून स्वतः ऐकतो की मुलीला पाठवतो म्हणून.

आमच्या घरातलं मोठं माणूस म्हणजे इंदूआत्या, अप्पांची थोरली बहीण. हायस्कूलात पी.टी. शिकवून रिटायर झाली. उंच, ताठ, आवाज असा की गल्लीच्या टोकाचा भाजीवाला थांबतो. स्वतः लग्न केलं नाही, पण दुसऱ्यांची लावायची भारी हौस. अप्पा तिला अक्का म्हणतात आणि दुकानाचा पडदासुद्धा तिला विचारल्याशिवाय बदलत नाहीत.

"अप्पा, आत्याला सांगूया की आता," मी म्हटलं होतं.

"थांब गं," अप्पा म्हणाले. "सौदा पक्का होईपर्यंत बोलू नये. दृष्ट लागते. आणि अक्का एकदा नाही म्हणाली तर तिचा नकार फिरवायला ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही. ती माणसं येऊ देत, त्यांच्यासमोर मी सांभाळून घेतो."

अप्पांचं सांभाळून घेणं म्हणजे गप्प बसणं, हे मला ठाऊक होतं. तरी मी ऐकलं.

इकडे आत्याचंही एक गुपित शिजत होतं. रविवारी सकाळी अप्पा दुकानात गेल्यावर ती माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आज इरकली नेस. बेळगावहून माणसं येणार आहेत संध्याकाळी."

"कसली माणसं?"

"माणसांसारखी माणसं. मुलगा इंजिनियर आहे, बेळगावातच नोकरी. बघून जातील. बघितल्यानं काय झिजणार आहेस?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते सांगत नाही. आत्या ऐकून घेत होती, मुलींची रांग सरळ होईपर्यंत मैदानात उभी राहायची तशी, आणि मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाली, "झालं? आता केस धू." आई स्वयंपाकघरात रवा भाजत होती. आमच्याकडे स्थळ यायचं म्हणजे उप्पीट आणि केसरीभात व्हायलाच हवा. मी तिच्याकडे बघितलं, तिनं कढईकडे बघितलं. आई आत्यापुढे कधीच बोलत नाही.

मी मनाशी ठरवलं. ठीक आहे, नेसते इरकली, नेते ताटल्या. पण अशी उत्तरं देते की बेळगाव येईपर्यंत त्यांनी मागे वळून बघू नये.

दुपार कलली तशी बेल वाजली. दारात एक साठीच्या बाई, बारीक काठाची सुती साडी, खांद्याला झोळी. सोबत एक काटकुळे गृहस्थ, हातात चामडी बॅग.

"दीपश्रीचं घर हेच ना?" बाईंनी विचारलं.

"हेच, हेच. बर्री, कूड्री," या, बसा म्हणायला आत्या एकदम कानडीत शिरली. फार आदर दाखवायचा असला की ती कानडीत शिरते. मग तिनं आत आईला हाक मारली, "सुलभा, पाणी आण गं."

ही बेळगावची माणसं नव्हती. हे तुम्हाला आत्ताच सांगते, कारण मला कुणी सांगितलं नाही आणि मी त्यापायी काय भोगलं ते माझं मला माहीत. बाईंचं नाव कुसुमावती, सगळी नोकरी उपग्रहांच्या कामात केलेली, आता धारवाडच्या सप्तापूरला राहायच्या. गृहस्थ मुकुंदराव, वकील. दोघं न्यासातर्फे आले होते. पण पाणी प्यायच्या आधी काम सांगायचं नाही ही पद्धत धारवाडकरांचीही आहेच की. आणि आत्यानं विचारायचा प्रश्नच नव्हता. आत्या आत येऊन माझ्या कानाशी कुजबुजली, "लवकरच आले. हौशी आहेत. मुलगा मागून येईल बहुतेक."

बाहेर गप्पा सुरू झाल्या. तुमच्याकडे पाणी किती दिवसांनी येतं, रस्त्याचं काम कधी संपणार, पेढा पूर्वीसारखा राहिला नाही. मी ताटल्या घेऊन गेले तेव्हा मुकुंदराव घराभोवती नजर फिरवत होते, आणि आत्या मला विकायला काढल्यासारखी बोलत होती.

"आमची मुलगी फार घरगुती हो. कॉलेज ते घर, घर ते कॉलेज. एकटी कुठे जात नाही. गच्चीवरसुद्धा विचारून जाते."

मुकुंदरावांचा चमचा वाटेत थांबला. "बाहेरगावी वगैरे राहण्याची सवय?"

"छे छे. आमची मुलगी कुठे जात नाही. ही परीक्षा झाली की शिक्षण बंद. ते आकाशाचं वेड होतं थोडं, आता उतरलं."

मुकुंदरावांनी कुसुमावतीबाईंकडे बघितलं. बाईंनी ताटली टीपॉयवर ठेवली. त्यांचा चेहरा एकदम थकल्यासारखा झाला. तेव्हा मला वाटलं, घरगुती मुलगी ऐकून यांना आनंद व्हायला हवा, या अशा का बसल्या? पण विचार करायला मला फुरसत कुठे होती. माझी पाळी आली होती.

"आत्या खोटं बोलतेय," मी म्हटलं.

आत्यानं हातातली केसरीभाताची वाटी खाली ठेवली. "दीपू."

"नाही, ऐकू दे त्यांना. वेड उतरलेलं नाही, वाढलंय. मला उपग्रहांचं काम करायचंय. त्यासाठी बेंगळुरूला जाणार, तिथून जिथे पाठवतील तिथे जाणार. स्वयंपाक मला जेमतेम येतो. रात्रपाळी असेल तर रात्रपाळी करणार, घरी कुणी वाट बघत बसायचं नाही. हे सगळं चालणार नसेल तर उप्पीट खा आणि सुखानं परत जा."

मला वाटलं, आता उठतील. पण बाई पुढे सरकून बसल्या. त्यांचे डोळे चमकायला लागले होते.

"कंटाळलीस तर?" त्यांनी विचारलं. "पहिले काही महिने नुसते स्क्रू मोजायला लावतील, कुणी विचारणार नाही, तर?"

काय विचित्र सासू आहे, मला वाटलं. "स्क्रू मोजीन. उपग्रहाचा स्क्रू असेल ना तो."

"मग आता खरं कोण बोलतंय?" मुकुंदराव म्हणाले. वकीलच ते. "मुलगी एक म्हणतेय, मोठी माणसं दुसरंच."

"अहो, लहान आहे ती," आत्या घाईघाईनं म्हणाली. "लग्न झालं की सगळ्या मुली शहाण्या होतात."

"लग्न?" बाई म्हणाल्या.

तेवढ्यात माझ्या फोनचा गजर वाजला. उपग्रह येतोय. अप्पा येवोत न येवोत, स्थळ मोडो की जुळो, उपग्रह ठरल्या वेळी आकाशाच्या कडेवर उगवतो आणि मावळतो, कुणासाठी थांबत नाही. मी पदर खोचला.

"मी चालले गच्चीवर. माझा उपग्रह आला. तुमच्या मुलाला सांगा, मुलगी बघायची असेल तर तिथे या."

"कुणाच्या मुलाला?" बाईंनी विचारलं.

"तुमच्या. बेळगावच्या."

"मला मुलगीच आहे एक," बाई म्हणाल्या, "ती मैसूरला असते. बेळगावला आमचं कुणीच नाही. आम्ही न्यासाकडून आलो गं, तुझ्या शिष्यवृत्तीसाठी."

न्यास. घरातल्या मोठ्या माणसानं हो म्हणायचं होतं, आणि मोठं माणूस आत्ताच काय काय म्हणून बसलं होतं. आणि मी त्यांना उप्पीट खाऊन जा म्हणाले होते. आत्या एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती.

"अहो, मग आधी सांगायचं नाही का?" ती शेवटी म्हणाली.

"खाण्याआधी कसं सांगणार," मुकुंदराव म्हणाले. "तुम्ही विचारायचं नाही का?"

"आलेल्या माणसाला कसं विचारणार," आत्या म्हणाली.

फोन ओरडतच होता. कुसुमावतीबाई झोळी सावरून उठल्या. "ते राहू दे. पास सुरू झाला असेल, उपग्रह वर येत असेल. चल, अँटेना दाखव."

मी जिन्याकडे धावले. गच्चीवर बघते तर अँटेना नाही. स्टँड होता, आणि त्यावर मनीप्लांटची कुंडी.

"आत्या, अँटेना कुठाय?"

आत्या मागून धापा टाकत आली. "ते गजाचे तुकडे होय? मुलाकडचे गच्ची बघतात. म्हणून न्हाणीघराच्या माळ्यावर टाकले."

मला रडू कोसळायचं बाकी होतं. पण तोवर आई खालून अँटेना घेऊन वर येत होती, धुळीनं माखलेला, वायरसकट. तिला कुणी सांगितलं नव्हतं. कुंडी काढून स्टँड लावायला वेळ नव्हता. मी लॅपटॉप उघडला, वायर खोचली. स्क्रीनवर नुसती खरखर. टाकीच्या आडोशाला सिग्नल येत नव्हता, अँटेना उंच धरायला हवा होता, आणि माझा हात तेवढा पोचत नव्हता. आई तर माझ्याहून बुटकी.

"इकडे आण," आत्या म्हणाली.

ती टाकीच्या कट्ट्यावर चढली, काठापदराची साडी नेसून, आणि अँटेना दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. कोपर सरळ, पाठ ताठ. हजारो मुलींना तिनं शिकवलं होतं तसं.

"उजवीकडे जरा," मी म्हटलं. "बस. हलू नकोस."

"मी हलत नसते," आत्या म्हणाली.

आणि आला. आधी एक करडी रेघ, मग दुसरी, मग रेघांवर रेघा उतरायला लागल्या. उपग्रह उत्तरेकडून येत होता, आणि त्याच्या पोटाखालून जे जे जात होतं ते ते आमच्या जुन्या हुबळीच्या गच्चीवर उतरत होतं. गुजरातचं नाक दिसलं. मी ओरडले. मग मुंबईची किनार, तिच्यावर पांढरे ढग. कुसुमावतीबाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. आयुष्यभर उपग्रहांचं काम केलेली बाई, पण बोटानं किनारा दाखवत होती, हे रत्नागिरी बघ, हे गोवा बघ, पहिल्यांदाच बघत असल्यासारखी. मुकुंदरावांनी बॅग कुंडीशेजारी ठेवून दिली आणि चष्मा पुसून पुन्हा लावला. शिष्यवृत्ती मिळो न मिळो, असं मला त्या घटकेला खरंच वाटलं, आणि पुढच्याच घटकेला वाटलं, नाही, मिळायलाच हवी, मला दुसरं काहीच नको.

"मला दिसत नाही," आत्या वरून म्हणाली. "मला सांगा कुणीतरी."

आईनं लॅपटॉप उचलला. वायर ताणून तो आत्याच्या समोर धरला, दोन्ही हातांवर, आरतीचं ताट धरावं तसा. "हे बघा अक्का," ती म्हणाली. "हा आपला घाट. आणि इथे, या ढगाच्या अलीकडे, इथे आपण."

"यात आपण आहोत?"

"आहोत," मी म्हटलं. "आत्ताचंच आहे हे, या मिनिटाचं. वरून तो आपल्याला बघतोय आणि तुझ्या हातातून खाली येतंय सगळं."

आत्याचे हात भरून आले असणार, पण अँटेना तसूभर खाली आला नव्हता. रेघा उतरतच होत्या, मंगळूर गेलं, केरळ आलं.

"तुम्हाला विचारायचं राहिलंच," कुसुमावतीबाई म्हणाल्या. त्यांनी मान वर करून आत्याकडे बघितलं. "मला कागदबिगद नको. तुमच्या तोंडून ऐकायचंय. मघाशी तुम्ही म्हणालात, मुलगी कुठे जात नाही."

"ते मी म्हटलं नाही," आत्या म्हणाली. "म्हणजे, मीच म्हटलं. पण ते वाक्य आमच्या वडिलांचं. खो-खोच्या राज्य संघात निवड झाली होती माझी. शिबिर बेंगळुरूला होतं. घ्यायला बाई आल्या होत्या, अशाच, खांद्याला झोळी घेऊन. त्यांना उप्पीट दिलं, केसरीभात दिला. आणि वडील म्हणाले, आमची मुलगी कुठे जात नाही." ती थांबली. "एवढ्या वर्षांत मला वाटलं नव्हतं, ते माझ्या तोंडात जाऊन बसलंय म्हणून."

हे मी कधीच ऐकलं नव्हतं. आईच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिनंही ऐकलं नव्हतं.

आणि खाली बेल वाजली.

आईनं लॅपटॉप माझ्या हातात दिला आणि कठड्यावरून वाकून बघितलं. ती वळली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "अक्का, गाडी उभी आहे. बेळगावची माणसं आली. मुलगाही आहे बरोबर. काय सांगू?"

बेल पुन्हा वाजली. आत्यानं खाली बघितलंच नाही. हात डोक्यावर, नजर समोर. ती मैदानात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, आणि माझी खात्री आहे, बेळगावच्यांनाही ते दारात उभ्या उभ्या ऐकू गेलं असणार.

"सांग, मुलगी घरात नाही. बेंगळुरूला गेली, उपग्रहांच्या कामाला. सहा महिने तरी येत नाही म्हणावं." मग आवाज जरा खाली आला. "पण उपाशी पाठवू नकोस हं त्यांना. उप्पीट उरलंय का बघ."

आई जिना उतरून गेली. कुसुमावतीबाईंनी मुकुंदरावांकडे बघितलं, मुकुंदरावांनी मान डोलावली. मी आत्यापासून हातभर अंतरावर उभी होते आणि बेंगळुरूला गेले होते. डोळ्यांना धार लागली होती, आणि मला ती पुसताही येत नव्हती, कारण हातात लॅपटॉप होता. स्क्रीनवर श्रीलंकेचा थेंब अर्धा उतरला आणि रेघा थांबल्या. उपग्रह समुद्रापलीकडे गेला होता.

"झालं का गं?" आत्यानं विचारलं. "हात खाली घेऊ?"

"घे," मी म्हटलं. पण तिनं अजून थोडा वेळ अँटेना तसाच धरून ठेवला.